पेटी उघडली, पण हात थरथरला

ताई, नमस्कार.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, वय ५४. घरी दोन एकर धान आहे, पण गाव मला अजून ‘पेंटर’च म्हणतं. वीस-बावीस वर्षं मी आणि माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, आम्ही वडसाच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. रस्ता, जंगल, वाडा, झोपडी, कोर्ट. दिवाळी ते होळी आमचे पडदे गावोगाव फिरायचे. मग फ्लेक्स आला. आधी दुकानांच्या पाट्या गेल्या, मागोमाग पडदे गेले. दोन वर्षांपूर्वी दादाही गेला. त्याची ब्रशांची पेटी माझ्याकडे आली, ती कोठ्यात पडून आहे.

यंदा धानाला तुडतुडा लागला. वाचलं त्याचे पुंजणे घातले तर त्यावर पाऊस आला. पोरगा बुटीबोरीला कंपनीत आहे, म्हणतो शेती ठेक्यानं देऊन टाका. माझा दिवस पानठेल्यावर जातो. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग डोळा लागत नाही. बायको म्हणते, “पेटी उघडा, नाहीतर भंगारवाल्याले देऊन टाका. कोठ्यात कायले ठेवली?”

होळीनंतर एक दिवस उघडली. धोतराच्या तुकड्यावर रस्त्याचा पडदा लहान करून काढायला बसलो. हात थरथरला, रेघ वाकडी गेली, रंग भलताच उठला. पेटी बंद केली. तेव्हापासून मात्र ते डोक्यातून जात नाही.

या वयात पुन्हा सुरू करून होणार काय? पैसा येणार नाही. लोक हसतील. आणि पडदा म्हणजे दोन माणसांचं काम, दादा नाही तर मी एकटा काय करू? खरं सांगतो, पुढे काही आहे असं वाटतच नाही.

— एक पेंटर

*

भाऊ,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला तेच सगळ्यात मोठं दिसलं. अडीचला जाग येणं, दिवसभर पानठेला, पुढे काही नाही असं वाटणं, हे सगळं महिनोन्‌महिने चालत असेल तर ते डॉक्टरला सांगायचं दुखणं आहे. ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात जा आणि ‘झोप येत नाही’ एवढ्यावर थांबू नका, माझ्यापुढे मांडलंत तेवढं सगळं तिथं सांगा. त्या अडीचच्या वेळी जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर वहिनींना त्याच क्षणी उठवा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबरही लिहून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. रंगाच्या डब्यानं हे सगळं बरं होईल असं मी म्हणणार नाही. गोळ्या घेत घेतही रंगवता येतं.

दवाखान्यात जाताच आहात तर डोळेही तपासून घ्या. हसू नका. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक होतं, आणि तुम्ही हातभर अंतरावरच्या धोतराच्या तुकड्यावर रेघ मारायला बसलात. वीस फुटांच्या पडद्यावर तुम्ही अख्खा खांदा फिरवून रेघ ओढत होतात, मनगटानं नव्हे. तोच हात वीतभर कापडावर आखडून धरला तर थरथरणारच. त्यात खर्रा, म्हणजे तो तंबाखू-सुपारीचा घोटा. पानठेल्यावर दिवस जातो म्हणता, म्हणजे किती होतात ते मी विचारत नाही, तुम्हीच मोजा. तंबाखूनं हाताचा कंप वाढतो आणि झोपही मोडते. तेव्हा ‘माझी कला गेली’ हा निकाल देण्याआधी चष्म्याचा नंबर आणि खर्र्याच्या पुड्या या दोन गोष्टींची चौकशी होऊ द्या. कलेवर नाहक आळ नको.

आता ‘रंग भलताच उठला’ याबद्दल. पेटीतलीच पावडर आणि पेटीतलाच सरस वापरला ना? सरस इतकी वर्षं कोठ्याच्या ओलीत पडला की त्याची पकड जाते. पकड गेली की रंग बोटाला लागतो, आणि ते झाकायला सरस जास्त घातला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात. दुसरी गोष्ट तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, विसरली असेल एवढंच. सरसातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की दोन-तीन पायऱ्या फिका पडतो. तुमच्या डोळ्यांना पूर्वी ओल्यातच सुकलेला रंग दिसायचा, तो अंदाज मोडलाय. तो परत येतो, पण त्यासाठी चित्र काढायची गरज नाही. पिवडी, गेरू, हिरमिजी, नीळ, काजळी आणि पांढरा घ्या आणि कापडाच्या पट्टीवर नुसते ठिपके द्या. ओला असताना एक बोट, शेजारी सुकल्यावर तेच पुन्हा. दोन दुपारी पुरतात. सरस तापवत बसायचा कंटाळा असेल तर डिस्टेंपरचा एक किलोचा डबा आणि स्टेनरच्या चार-पाच बाटल्या आणा. जुन्या पेंटरांना हे पटत नाही, माहीत आहे, पण त्याला वास येत नाही आणि दोन दिवसांत तो नासतही नाही.

मी स्वतः ब्रश धरणारी नाही. मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, चटई टाकून, शाल गुंडाळून रात्रभर नाटक पाहिलेली बाई आहे. नाटक दहा-साडेदहाला सुरू व्हायचं आणि उजाडेपर्यंत चालायचं. मध्येच डोळा लागायचा, आणि जाग यायची ती पडदा बदलताना. मघाशी वाडा होता, आता जंगल. नट कोण होते ते मी केव्हाच विसरले. एका पडद्यावरची पांढऱ्या खोडाची झाडं मात्र आठवतात, त्यांच्यामागे चितारी माणसानं उगाचच एक लहानशी पायवाट काढली होती. ती कुठं जाते हे नाटकभर कोणी सांगितलं नाही. आमच्याकडचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या झाडीपट्टीला, पूर्व विदर्भातल्या या आपल्या धानाच्या मुलखाला, आनंद झाला, मलाही झाला. पण त्या रंगभूमीवर नटाच्या पाठीमागे रात्रभर उभं राहणारं जे कापड होतं, ते रंगवणाऱ्याचं नाव हँडबिलाच्या कोपऱ्यात तरी छापलं जात होतं का? तुम्हालाच माहीत.

बरं, मुद्द्यावर येते. ‘होणार काय’ असं तुम्ही विचारलंत.

या वर्षी धानाचं काय झालं ते बघा. पऱ्हे तुम्ही टाकले, रोवणी केली, निंदण केलं, कापणी केली. हाताकडून एकही चूक झाली नाही आणि तरी सगळं गेलं, कारण तुडतुडा आणि पाऊस हे दोघं तुमच्या हाताबाहेरचे. भाव आणि चुकारे तर त्याहूनही बाहेरचे. दोन-तीन वर्षं असं झालं की माणसाचा आपल्या हातावरचाच विश्वास उडतो. काम करणं आणि काही घडणं यांचा संबंधच नाही, असं आतून वाटायला लागतं. माझ्या मते तुम्हाला अडीचला जाग येण्यामागे हेच असावं. पडद्याच्या कामात हा संबंध अजून शिल्लक आहे. गेरू लावला तर तांबडं होतं. कापडाची जमीन, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नीट लागली नाही तर कापड रंग पितं, नीट लागली तर पीत नाही. इथं चूक तुमची आणि दुरुस्तीही तुमची. एवढी लहान गोष्ट, पण या वर्षी ती तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

आणि पडदा एका दिवसात होत नाही, याच्याइतका मोठा फायदा नाही. खळ लावून कापड ताणायचं, मग सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी चौकटी आखायच्या. मग आभाळ, मग लांबची झाडी, मग जवळची, आणि उजेड-सावली सगळ्यात शेवटी. म्हणजे रोज रात्री झोपताना उद्याचं काम ठरलेलं असतं. ‘उद्या डाव्या बाजूच्या पळसाला खालून काळोख द्यायचा आहे.’ आशा म्हणून लोक काय काय मोठं बोलतात, मला तर ती एवढीच दिसते. म्हणून माझा पहिला आणि खरा सल्ला हा, की संध्याकाळी काम पुरं करून उठू नका. जे कसं करायचं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे असं काहीतरी मुद्दाम ठेवून उठा. अडलेलं ठेवू नका, सोपं ठेवा. अडीचला जाग आली तर डोक्यात तो पळस असू दे. पुंजणे असण्यापेक्षा बरा.

होळीनंतर तुम्ही केलेली गडबड मला वाटते ती अशी, की सुरुवातच रस्त्याच्या पडद्यापासून केली. दोन्ही बाजूंची घरं, मधे लांब जाऊन मिळणारा रस्ता, सगळ्या रेघा एका बिंदूला. रेघेची अशी परीक्षा दुसऱ्या कुठल्याच पडद्यात नाही. इतक्या वर्षांनी बसताना कोणी तो घेतो का? झाडं घ्या. झाडाची रेघ वाकडी गेली तर कोणी बोट ठेवत नाही. तीन बाय चार फुटांचं मांजरपाट कोठ्याच्या भिंतीवर ताणा, जमिनीवर बसून नको, उभ्यानं रंगवा. खांदा आपोआप फिरायला लागेल.

दादांचं काय, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. मला वाटतं पेटी बंद करण्यामागं थरथरणाऱ्या हातापेक्षा तो जास्त असावा.

तुम्हाला ‘पेंटर’ म्हणतात. हीच पदवी नावाला चिकटलेला एक मोठा माणूस कोल्हापूरला होऊन गेला, बाबूराव पेंटर. घरचं आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आणि तेव्हाच्या महाराष्ट्रात त्या पडद्यांचं मोठं नाव होतं. पुढे दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घेण्याएवढा पैसा कुठला असायला, तर तो आपणच बनवायचा असं ठरवून कामाला लागले. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला, पण एकट्यानं नाही. विष्णुपंत दामले सोबत होते. मला या गोष्टीत बाबूरावांच्या हिमतीपेक्षा दामले महत्त्वाचे वाटतात. भावाची जागा दामल्यांनी घेतली असं कोणी म्हणणार नाही. पण यंत्राचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं, आणि ते टोक धरणारा भाऊच असावा असं यंत्र म्हणत नाही.

तुमच्या दोघांत झाडं कोण काढायचं, घरं कोण काढायचं? तोंडं कोणाची चांगली यायची? पत्रात लिहिलेलं नाही, पण अशी वाटणी प्रत्येक जोडीत असतेच. जे तुमच्या वाट्याचं होतं तिथून सुरू करा. दादांच्या वाट्याचं तूर्त बाजूला राहू द्या. पुढे कधी ते करावं लागेल आणि तेव्हा त्यांच्यासारखं जमणार नाही. न जमू दे. तुमचा पडदा बघून कंपनीवाला ‘हे दादाचं नाही’ म्हणाला तर ते खरंच असेल. त्यांचे ब्रश मात्र वापरा. केस कडक झाले असतील तर कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर ठेवा, सरस असेल तर सुटेल. ऑइल पेंट बसला असेल तर टर्पेंटाइनमध्ये ठेवा, तरीही नाही सुटला तर तो ब्रश जाऊ द्या. पेटी देवघरात ठेवायची वस्तू नाही.

पैशाबद्दल आता स्पष्ट सांगते. पहिल्या उन्हाळ्यात पैशाचा विचारच करू नका, म्हणजे येणारही नाही आणि गमावणारही नाही. डबा, स्टेनर आणि मांजरपाट एवढाच खर्च, तो खर्र्यातून निघतो का ते बघा. छापील पडदा गेला पाहिजे वगैरे भाषा तुमच्या पत्रात नव्हती, त्याबद्दल आभार, कारण तो जाणार नाही. स्वस्त आहे, एका रात्रीत छापून मिळतो. पण त्याची खोडही तुम्हाला माहीत आहे. वरून लाइट मारला की चकाकतो, घडी केली की वळी पडते, आणि जंगलाच्या मधोमध ती पांढरी रेघ रात्रभर दिसत राहते. हाती रंगवलेलं कापड उजेड पिऊन घेतं. ज्याला हे कळतं असा एखादा निर्माता वडशात अजून असेल, नसेलही. तिथं विचारायला जायची वेळ पोळ्यानंतरची, कंपन्यांची जुळवाजुळव सुरू होते तेव्हाची. आत्ता जाऊन उपयोग नाही.

मात्र मागणी अगदीच मेली आहे असं मानू नका. शंकरपटांवर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि पटाच्या निमित्तानं होणारी किती तरी नाटकं थांबली. पुढे टाळेबंदीनं उरलीसुरली कंबर मोडली. २०२१च्या डिसेंबरात पटांना परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात कोर्टानं ती कायम केली. म्हणजे पट पुन्हा भरताहेत आणि पट तिथं रात्रीचं नाटक हे आपल्याकडचं जुनंच गणित आहे. नाटकाबाहेर बघायचं तर जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती आहेत, लग्नघराच्या दारावरचे मोर आहेत. शाळेची भिंत कमी लेखू नका. रोज पोरं बघतात, आणि पोरं तोंडावर सांगतात.

एक सरकारी गोष्ट राहिली. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे, वयाची अट ५० वर्षं, आणि २०२४ पासून रक्कम महिना ५००० रुपये झाली आहे. उत्पन्नाची आणि कलेतल्या वर्षांचीही अट असते. पडदे रंगवणारा त्यात कसा बसतो ते पंचायत समितीत जाऊन विचारा. त्याआधी पुरावे गोळा करायला लागा. जुनी हँडबिलं, पडद्यासमोर काढलेले फोटो, ज्या कंपन्यांचं काम केलं त्यांच्या मालकांची पत्रं. मालकही म्हातारे झालेत, हे काम लांबवू नका. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी त्या निमित्तानं वीस वर्षांचं काम एका पिशवीत जमा होईल. पोरानं तुमचे किती पडदे पाहिलेत? बहुतेक एकही नाही.

लोक हसतील, हे खरं आहे. दोन-चार दिवस हसतील, मग कोणाच्या तरी ट्रॉलीवर नाव टाकून मागायला येतील, तेही उधारीवर. उधारी देऊ नका.

आता वेळेचं. सध्या तेंदूपत्त्याचा हंगाम, वहिनी पहाटे जंगलात जात असतील, तुम्हीही जात असाल. एकट्यानं जाऊ देऊ नका, वाघाचं तुम्हाला मी काय सांगायचं. दहा-अकरापर्यंत ते आटोपतं, पुडे बांधून फडीवर जातात, आणि मग दुपार मोकळी. तीच पानठेल्याची वेळ, तीच रंगाची. उन्हात कापडाची जमीन लवकर सुकते. मृगाचा पाऊस लागला की कापडाला बुरशी धरते आणि तुम्हाला पऱ्ह्यांकडे बघावं लागतं, म्हणजे हाती महिनाभर आहे. महिन्यात तीन बाय चारची झाडी सहज होईल. ती कोणाला दाखवायची घाई करू नका. दिवाळीला गावच्या मंडळाची दंडार, आपलं ते लोकनाट्य, उभी राहील तेव्हा त्यांना पाठीमागे लावायला काही लागेल का, एवढं मात्र विचारून ठेवा. मागणारा ठरलेला असला की हात चालतो.

आणि मोठ्या कापडाच्या आखणीला सूत मारायचं तर दुसरं टोक धरायला माणूस लागेलच. वहिनींना विचारा. पेटी उघडा म्हणून त्यांनीच सांगितलंय, तेव्हा धरतील बहुतेक. तेंदूवरून दमून आल्या असतील आणि नाही म्हणाल्या, तर त्या दिवशी भिंतीत खिळा ठोका.

तुमची,
ताई